बिनआवाजी पँट

पँट निवडायला भिंगरीने जेवढा वेळ लावला तेवढा नवरा निवडायलाही लावला नव्हता, असं तिचा नवरा भेटेल त्याला सांगत होता. हा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांशी बाहेरून गप्पा मारत त्यांना शांत ठेवण्यात त्याचा हातखंडा होता. घरी ही कला चालत नसे, कारण बायको एका जागी अडकतच नव्हती.

भिंगरी हे नाव तिला कामावर पडलं होतं. रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात ती फोनवर असायची. खुर्ची होती, पण ती तिच्या पिशवीच्या उपयोगाची. कानाला हेडफोन लावून वायर ताणेल तिथवर तिच्या येरझाऱ्या चालत आणि तोंड त्याहून वेगाने चाले. "चौकातून उजवीकडे घ्या, पंप सोडा, निळं फाटक दिसेल, तिथे एक बाई हात करतेय." तिचा आवाज कानात असला की नकाशा लागत नाही, असं एक चालक म्हणाल्याचं तिला कळलं होतं. तिने ते कोणाला सांगितलं नाही, पण विसरलीही नाही.

याच आवाजाच्या भरवशावर ती दोन वर्षं धाकट्या दिराला डोंगरात पळवत होती.

दीर गॅरेजमध्ये गाड्यांना रंग द्यायचा. मग डोळ्यांच्या पडद्याचा आजार निघाला, नजर कडेकडेने विझत आत आली आणि रंगकाम सुटलं. आता तो त्याच गॅरेजमध्ये फोनवर गिऱ्हाइकांची समजूत काढायचा. मधोमध एक धूसर खिडकी उरली होती. भर उन्हात तिच्यातून आकार कळत, झाडीत नुसता उजेड आणि अंधार. उरलंय ते वर्षानुवर्षं टिकेल किंवा टिकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि यात त्यांनी नेमकं सांगितलं तरी काय, यावर घरात बराच खल झाला होता.

त्याला एकच गोष्ट करून घ्यायची होती. डोंगराच्या धारेवरून दरवर्षी एक शर्यत निघायची. नजर धड असताना तो ती पळायचा. धारेच्या टोकाला दोन्ही बाजूंनी जमीन खाली सुटते आणि उजेड खालूनही अंगावर येतो, असं तो सांगे. तो उजेड, आहे त्या खिडकीतून, ती बंद व्हायच्या आत एकदा बघायचा होता. एरवी धारेवर चिटपाखरू नसतं. शर्यतीच्या दिवशी जागोजाग स्वयंसेवक उभे असतात, म्हणून थोरल्या भावाने, म्हणजे भिंगरीच्या नवऱ्याने, त्या एका दिवसाला मान डोलावली होती. तीही अर्धवट.

रुंद वाटेवर दोघं एका आखूड दोरीची दोन टोकं धरून शेजारी शेजारी पळत. अरुंद पायवाटेवर दोरी खिशात जाई, ती पुढे आणि तो तिच्या पाठोपाठ. मग तिचं तोंड सुरू होई. "मूळ. दगड डावीकडे. पायरी खाली. फांदी, वाका. मूळ. मोठं मूळ, भाऊजी!" तो बिनबोभाट मागे येई. कधी ठेचकाळला तर हसून म्हणे, "वहिनी, हे मूळ तुझ्या यादीत नव्हतं."

शर्यतीला थोडेच आठवडे उरले असताना सरावात तिची वाऱ्याची पँट तारेच्या कुंपणात अडकली आणि मांडीपासून गुडघ्यापर्यंत टरकन फाटली. नारिंगी, ताठ कापडाची जुनी पँट होती ती. तिचे पाय लगेच गारठायचे, म्हणून पहिल्या सरावापासून ती तीच घालून पळत आली होती. नवऱ्याने तिला 'वेफर्सचं पाकीट' असं नाव ठेवलं होतं. पहाटे ती पँट चढवून दबक्या पावलांनी बाहेर पडायला बघे आणि तो पांघरुणातून ओरडे, "पाकीट फुटलं!"

धारेवर वारा कापत असल्यामुळे वरून घालायच्या पातळ पँटीशिवाय शर्यतीत कोणालाही सोडत नसत. फाटकी चालणार नव्हती. नवी घेणं भाग होतं.

आणि घ्यायचीच तर नीट बघून घ्यायची, असं भिंगरीने ठरवलं. दिराला आपल्यामागे त्या धारेवर न्यायचं म्हणजे कशातच कसर नको. जेवताना, दात घासताना, चहाला आधण ठेवून, ती फोनवर पँटी बघत राहिली. एक फार हलकी, पण तारेला नुसती टेकली तरी जाईल अशी. एक दणकट, पण आत घामाचं तळं होणार. एकीच्या घोट्याशी चेनच नाही, म्हणजे बूट काढल्याशिवाय चढवता येणार नाही, आणि वाऱ्यात एका पायावर उभं राहून बूट कोण काढणार?

"अगं, दोन पाय घालायचेत फक्त," नवरा म्हणाला.

"तुमच्या लिफ्टची दोरी घेताना असंच म्हणता का हो?"

तो पाण्याचा तांब्या भरायला उठला.

शेवटी ती दुकानात गेली. डोंगरवाल्यांचं दुकान, भिंतीला दोऱ्या टांगलेल्या, एका कोपऱ्यात बूट घालून बघायला लाकडी चढ केलेला. विकणारी उंच मुलगी स्वतः पळणारी होती, गुडघ्याला पट्टा बांधलेली. तिने कापड ओठांना लावून कसं फुंकायचं ते दाखवलं. फुंकर पार आरपार गेली तर वाराही जाणार, अजिबात नाही गेली तर घाम कोंडणार, जरा अडखळत गेली की पँट बरोबर. भिंगरीने दहा पँटी फुंकल्या. उकिडवी बसली, गुडघे छातीला लावले, बुटासकट पाय घालून बघितले, कमरेची नाडी ओढली. राखाडी रंगाची एक पँट तिला मनापासून आवडली. हातात घेतली तर घेतल्यासारखी वाटेना. स्वतःच्याच खिशात घडी होऊन ती मुठीएवढी झाली.

"चढावर चालून बघा," मुलगी म्हणाली. भिंगरी चालली. "ऐकलंत?"

"काय?"

"तेच तर. काही नाही! आमच्याकडची सगळ्यात बिनआवाजी. लोक आवाजालाच तर कंटाळतात."

"आमच्याकडेही एक जण कंटाळलाय," भिंगरी म्हणाली आणि पँट घालूनच घरी आली. नवऱ्याने वर्तमानपत्रातून मान वर केली तेव्हा ती त्याच्या खुर्चीमागे उभी होती. तो दचकला. त्या दिवशी घरात सगळेच खूश होते.

रविवारी सरावाला गेले आणि झाडीतल्या पायवाटेवर पहिल्या वळणालाच दीर चुकला. ती वळली, तो सरळ गेला. खांदा झाडाला घासला.

"वळण सांगितलं होतं की, भाऊजी!"

"सांगितलंस. माझंच लक्ष नव्हतं."

पुढे तो मागे पडायला लागला. "हळू जरा," तो म्हणाला. असं तो कधी म्हणत नसे. मग, "कुठे आहेस?" तिने आवाज चढवला. जितकं जास्त ती बोलली तितका तो जास्त अडखळला. तिचं तोंड पुढे, शब्द पुढे जाऊन डोंगरावर आपटत आणि कुठून कुठून परत येत, पण हे तेव्हा तिच्या डोक्यात आलं नाही. डोक्यात एवढंच होतं की आपण कुठेतरी चुकतोय. उतारावर तो पडला. फार नाही, तळहात सोलला आणि गुडघा. उठून बसला तरी उभा राहीना.

"वहिनी, किती वाजले?"

"का?"

"ऊन आहे ना अजून?"

लख्ख ऊन होतं. पानांतून त्याच्या चेहऱ्यावर पडत होतं. तिने तसं सांगितलं.

"अच्छा," तो म्हणाला. थोडा वेळ तो तळहातातले खडे काढत बसला. मग म्हणाला, "मला वाटतं, खिडकी गेली. म्हणजे जायला लागलीये. उजेड कळतोय, पण तू कळत नाहीयेस. एरवी तू कुठे आहेस ते मला कळायचं."

तिने रुमाल काढून त्याच्या गुडघ्याला बांधला.

"दादाला सांगू नकोस," तो म्हणाला. "तो लगेच सगळं बंद करेल. मुख्य वीज काढून टाकायची सवय त्याला."

त्या आठवड्यात भिंगरीचा पाय जमिनीला लागला नाही. कामावर येरझाऱ्या वाढल्या, वायर दोनदा सॉकेटमधून निघाली. एका चालकाला तिने तेच वळण तीनदा सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "ताई, वळलो मी. उभा आहे. पेशंटला आत घेतोय." शेजारच्या टेबलावरच्या बाईने विचारलं, "भिंगरी, आज चावी कोणी दिली तुला?" भिंगरी हसली नाही. आपला आवाज बदललाय का? आपण उशिरा सांगतोय का? संडासात जाऊन ती आरशासमोर दबक्या आवाजात "मूळ, दगड, मूळ" म्हणून बघायची, आणि एकदा आतून कोणीतरी विचारलं, "बरी आहेस ना गं?"

मग तिला वाटलं, रंग! जुनी पँट नारिंगी होती, नवी राखाडी. झाडीत राखाडी माणूस डोळसालाही दिसायचा नाही. या शोधाने ती इतकी हरखली की बुधवारी संध्याकाळी कामावरून थेट दिराच्या गॅरेजवर गेली आणि त्याला तसाच उचलून टेकडीवर नेलं. स्वतःच्या कमरेला मागच्या बाजूने तिने नारिंगी ओढणी बांधली होती.

"कशी दिसतेय?"

"कोण?"

"ओढणी!"

"वहिनी, मला झाडीत तुझी पँट कधीच दिसली नव्हती," तो म्हणाला. "नारिंगी होती का ती?"

तरी पळून बघितलं. तो पुन्हा वळणं चुकला, दोनदा तिच्या पाठीवर आदळला, एकदा ओढणी त्याच्याच पायात आली. परतताना दोघांनी दोरी धरली होती, वाट अरुंद असूनही. घराच्या कोपऱ्यावर तो म्हणाला, "रविवारपर्यंत नाव मागे घेता येतं. मी कळवून टाकतो."

"डॉक्टरांना तरी दाखवू आधी."

"पुढच्या महिन्यात आहे की. आत्ता दाखवून काय, नवी बसवणार आहेत?"

शनिवारी सकाळी ती इमारतीच्या गच्चीवर होती. पाण्याच्या टाकीखालची जाळी तुंबली होती आणि ती साफ करण्याची पाळी त्यांच्या घरावर होती. घाण काम, म्हणून तिने फाटकं वेफर्सचं पाकीट घातलं होतं. मांडीवरचा फाटका भाग सुतळीने बांधलेला. दीर वर आला. जिन्याच्या दाराची चौकट धरून उभा राहिला.

"वहिनी, कळवलं मी."

ती काही बोलली नाही. बादली उचलून टाकीच्या पलीकडे गेली.

"रागावलीस?"

ती तिथून परत आली, वाळत घातलेल्या चादरींच्या रांगेमधून, जमिनीवरचा जाड नळ ओलांडून. राग आला की ती गप्प होई, आणि गप्प झाली की दुप्पट चाले.

"अगं, ऐकून तर घे. मला तुझ्यामागे पळायचंय, पण पडायला नको आहे. धारेवर पडलो तर दादा तुला जन्मभर बोलेल. मला काय, मी सुटेन."

टाकीला वळसा. चादरींमधून. नळ. ती पुढे, तो मागे, समजूत काढत. गॅरेजमधल्या चिडलेल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसा, गोड आवाजात. "तू एवढं केलंस, तेच खूप आहे. शर्यत काय, येतात आणि जातात."

दुसऱ्या फेरीला नळ ओलांडताना भिंगरीच्या लक्षात आलं, आणि ती थांबली.

तोही थांबला. तिच्यापासून एक हात मागे.

त्याने भिंत धरली नव्हती. चादरींना शिवला नव्हता. नळ दोन्ही वेळा ओलांडला होता. आणि तिने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

ती दोन पावलं डावीकडे सरकली. कापड खसखसलं. त्याचा चेहरा डावीकडे वळला.

"काय झालं?" त्याने विचारलं.

तिने वाकून पँटीचे दोन्ही पायचे मांड्यांपर्यंत गुंडाळले, हातांनी घट्ट धरले, आणि खेकड्यासारखी तिरकी चालत चादरींच्या पलीकडे गेली. "या भाऊजी, बोला," तिने हाक मारली. "उजवीकडून या. चादर आहे, वाका."

तो आला, आणि सरळ चादरीत शिरला. दोरीसकट दोन चिमटे तुटले. ओल्या चादरीत गुरफटलेला दीर म्हणाला, "हे काय चाललंय?"

"थांबा!" तिने पायचे सोडले आणि चालायला लागली. खसफस, खसफस. चादरीतून डोकं बाहेर काढून तो तिच्या मागे निघाला, नळ ओलांडला, टाकीला वळसा घातला. मधेच त्याला स्वतःलाच कळलं असावं, कारण तो उभा राहिला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"परत चाल," तो म्हणाला.

ती चालली. पाऊल उचललं की एक आवाज, उतरताना आखूड, पायरी चढताना लांब, वळताना एकाच पायाचा. दोन वर्षं हे सगळं तिच्या पायांतून निघत होतं आणि दोघांपैकी कोणालाही त्याचा पत्ता नव्हता.

"म्हणजे खिडकी..."

"आहे तेवढी आहे, भाऊजी. पँट गेली होती."

तो टाकीच्या कठड्यावर बसला. भिंगरी त्याच्यासमोर इकडून तिकडे फेऱ्या घालत राहिली, आणि या वेळी त्याने तिला थांबायला सांगितलं नाही.

मग तिला आठवलं. "एक मिनिट. मग माझं ते 'मूळ, दगड, डावीकडे'?"

"ऐकतो की."

"खरं सांगा."

"अर्धं ऐकतो."

"अर्धं?"

"बरं, पाव. वहिनी, तू फार बोलतेस गं. पळताना एवढं कोण ऐकणार? बरं वाटायचं, एवढंच. रेडिओ लावल्यासारखं."

दोन वर्षांचा घसा! एरवी तिने त्याला फाडून खाल्लं असतं. आत्ता तिने ओली चादर त्याच्या अंगावर फेकली आणि म्हणाली, "आधी फोन लावा. नाव परत घाला. मग दुकानात चला."

नाव परत घालावंच लागलं नाही, कारण शर्यतवाल्यांनी त्याचा मेल अजून वाचलाच नव्हता.

दुकानातल्या उंच मुलीने त्यांचं म्हणणं दोनदा ऐकलं. "म्हणजे तुम्हाला आवाज करणारी हवी आहे?"

"सगळ्यात जास्त करणारी."

"लोक तक्रार करून परत आणतात तशी?"

"तश्शीच."

दीर बूट घालून बघायच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसला. भिंगरी एकेक पँट चढवून लाकडी चढावर वर-खाली करू लागली. मऊ कापडाच्या सगळ्या बाद झाल्या. एकीचा आवाज त्याला आवडला, पण ती दोन्ही पायांना सारखीच वाजत होती, डावा-उजवा कळेना. एक चांगली होती, पण उतारावर मुकी होई. बाकीची गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "काय निवडताय, पँट की बाजा?"

"दोन्ही, काका," दीर भिंतीकडे बघतच म्हणाला.

शेवटी मुलीने सगळ्यात खालच्या फळीवरून एक पिवळी पँट काढली. ताठ, घेरदार, घोट्याशी चेन. भिंगरीने कापड ओठांना लावून फुंकलं. फुंकर तिच्याच तोंडावर परत आली.

"हिच्यात उकडून निघाल," मुलीने बजावलं. "प्रामाणिकपणे सांगते, मी ही कोणाला देत नाही."

भिंगरी चढावर गेली. अर्ध्या वाटेत दीर उठला, वळला, आणि दोन फळ्यांच्या मधल्या बोळातून, कशालाही न धडकता, तिच्यामागे चढ चढून वर आला.

"हीच," तो म्हणाला.

"पण वर वाऱ्यात ऐकू येईल का?" मुलीने विचारलं.

भिंगरी पँट घालूनच खसफसत पैसे द्यायला निघाली.

शर्यतीच्या दिवशी सुरुवातीच्या गर्दीत सगळ्यांच्याच पँटी खसफसत होत्या, तेव्हा त्याने तिचं कोपर धरून ठेवलं. नवरा कुंपणापाशी उभा होता. "वर जायचं तर जगात लिफ्ट नावाची वस्तू आहे," एवढंच तो म्हणाला आणि दोघांच्या पाठीवर थाप मारली. त्याला पँटीचं सांगितलं होतं, खिडकीच्या भीतीचंही. तेव्हा रात्रीच्या जेवणाला त्याने भावाला विचारलं होतं, "म्हणजे दोन वर्षं मी पाकिटाला नावं ठेवत होतो, ते तुझे डोळे होते?"

झाडीत गर्दी पांगली. तिने कोपर सोडवून घेतलं आणि पुढे झाली. सवयीने तोंड उघडलं, "मूळ, डा..." आणि मिटलं. अवघड होतं. शब्द दातांपर्यंत येत आणि तिथे थडकत. फक्त खरोखर मोठं काही आलं तरच बोलायचं, असं ठरलं होतं. मागून त्याची पावलं येत होती, तिच्या पावलांवर बेतलेली. पँटीच्या आत घामाच्या धारा लागल्या होत्या.

झाडी संपली आणि वारा आला. कानात शिरून बाकी सगळं पुसून टाकणारा वारा. तिने मागे वळून बघितलं. तो मान थोडी तिरकी करून, ओठ घट्ट मिटून येत होता, पाऊल मोजून टाकत, पण येत होता. वाट दीड पावलाची, दोन्ही बाजूंना गवत आणि त्यापुढे काही नाही. पिवळ्या झेंड्याशी उभ्या असलेल्या स्वयंसेवकाने काहीतरी विचारलं, ते तिला ऐकू आलं नाही. तिने फक्त पाय जरा जास्त घासून टाकायला सुरुवात केली.

टोकाला ती थांबली.

तो थांबला नाही. सरळ येऊन तिच्या पाठीवर आदळला. तिने वळून दोन्ही हातांनी त्याचे दंड पकडले.

"थांबली होतीस?" तो तिच्या कानाशी ओरडला.

"केव्हाची!"

"पँट तर पळतेय अजून!"

खरंच पळत होती. वाऱ्याने पायचे फडफडत होते, ती जागच्या जागी उभी असूनही. तिने वाकून ते मुठीत धरले. तेव्हा आवाज थांबला आणि तिला उभं राहावंच लागलं, वाकून, दोन्ही मुठी घोट्यांशी, हलायची सोय नाही.

दीर तिच्या खांद्यावर एक हात ठेवून उभा राहिला. त्याने चेहरा आधी एका बाजूला फिरवला, मग दुसऱ्या, मग खाली, जिथून उजेड येतो असं तो सांगायचा तिकडे. मागून पळणारे वाट काढून पुढे जात होते.

"आहे का?" तिने खालूनच विचारलं.

"आहे," तो म्हणाला. "जरा थांब. सोडू नकोस अजून."